पंखा गप्प झाल्यावर

आमच्या कॉम्प्युटरचा पंखा गप्प करायला मला पाच आठवडे लागले. तो गप्प झाल्यावर घरात जे ऐकू यायला लागलं, त्याला पंखा जबाबदार नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या बिल्डिंगच्या सेक्रेटरींचं म्हणणं आहे की मी प्रत्येक गोष्टीचं खापर यंत्रावर फोडतो.

मी घरी बसून मुद्रितं तपासतो. शाळेची पुस्तकं छापणारा एक छापखाना आहे, त्याचं काम. मालकांचा ईमेलवर विश्वास नाही, त्यामुळे रोज सकाळी दहाला तपासलेली पानं पेन ड्राइव्हवर घेऊन मी छापखान्यात जातो, मालकांबरोबर अर्धा कप चहा पितो, अर्धा तास वाद घालतो आणि साडेअकरापर्यंत परत येतो. बायको विम्याच्या ऑफिसात. ती साडेनऊला डबा घेऊन निघते आणि संध्याकाळी पावणेसहाला येते. डबा मी भरतो. हे काही मोठेपणा म्हणून सांगत नाही, पण लोकांना कळलं तर माझी हरकतही नाही.

पंखा पहिल्यापासून आवाजाचाच होता. आधी गुणगुणायचा, मग घरघरायला लागला, पुढे त्यात मधूनमधून एक उचकी यायला लागली. आम्हाला त्याची सवय झाली होती. मलाच काय, बायकोलाही. टीव्हीचा आवाज त्याच्या वर, आमची भांडणं टीव्हीच्या वर, असं सगळं बसलं होतं. पण एकदा मालक फोनवर म्हणाले, "तुम्ही गिरणीत राहता का हो?" मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, "मग गिरणी तुमच्याकडे राहते वाटतं." आणि हसले. माणसाचा अपमान झाला की तो काहीतरी दुरुस्त करायला घेतो. मी पंखा घेतला.

पहिला सल्ला खालच्या मजल्यावरच्या बॉयलरसाहेबांचा. कारखान्यात बॉयलर सांभाळण्यात त्यांची सगळी नोकरी गेली आणि जगात जे जे फिरतं ते बॉयलरचं भावंड आहे अशी त्यांची श्रद्धा आहे. ते लांब स्क्रूड्रायव्हर घेऊन आले. त्याचं टोक कॉम्प्युटरच्या पेटीला लावलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले.

"बेअरिंग रडतंय," ते म्हणाले.

"किती दिवस काढेल?" मी विचारलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात विचारतात तसाच माझा आवाज आला.

"तेल घाला. शिलाई मशीनचं. चार थेंब."

मी सुरक्षिततेसाठी दहा घातले. पंधरा मिनिटं शांतता होती. मग पंख्याने ते तेल मागच्या भिंतीवर फेकलं. भिंतीवर एक फवारा उमटला आणि त्यात मधोमध दोन डाग असे शेजारी शेजारी बसले की कोणीतरी बघत असल्यासारखं वाटावं. बायको म्हणाली, "अहो, पुसून टाका ते, मला बरं नाही वाटत." मी पुसलं. त्यामुळे डाग खाली ओघळले आणि चेहऱ्याला हनुवटी आली. शेवटी मी त्यावर कॅलेंडर लावलं. कॅलेंडर लावल्यावर तो चेहरा जास्तच आठवायला लागला.

दुसरा सल्ला मेहुण्याचा, फोनवरून. त्याचे सल्ले नेहमी लांबून येतात. "दाजी, फोममध्ये गुंडाळा. स्टुडिओत असंच करतात." कोणत्या स्टुडिओत ते मी विचारलं नाही. जुन्या गादीतला फोम काढून मी पेटीला चारी बाजूंनी बांधला. आवाज बंद झाला नाही, लांब गेला. कोणाला तरी गादीत बांधून ठेवलंय आणि तो आतून बोलायचा प्रयत्न करतोय, असं काहीतरी. अर्ध्या तासाने तेही थांबलं, पडदा काळा झाला आणि उत्सर्जन संस्थेची चौदा पानं त्याच्याबरोबर गेली.

वरच्या मजल्यावर सूरताई राहतात. त्या गाणं शिकवतात. त्यांनी जिन्यात मला अडवलं. "तुम्ही पंखा दुरुस्त करताय असं ऐकलं."

"हो. त्रास होत असेल ना तुम्हाला?"

"उलट," त्या म्हणाल्या. "तो काळी दोनमध्ये आहे. माझ्या मुली त्याच्यावरच सूर लावतात. तेल घातलंत त्या दिवशी तो अर्धा स्वर उतरला, सगळ्या बेसूर झाल्या." मी माफी मागितली. आयुष्यात मी कितीतरी गोष्टींची माफी मागितली आहे, पण अर्ध्या स्वराची पहिल्यांदाच.

मग दुरुस्तीवाला. त्याने पेटी उघडून बराच वेळ आत बघितलं आणि या मापाचा पंखा आता कोणी बनवत नाही असं सांगितलं. मोठा पंखा बसेल, हळू फिरेल, आवाज करणार नाही, पण त्याला पेटीच्या मागे मोठं भोक लागेल. भोक त्याच्याकडे मिळत नाही. ते ॲल्युमिनियमच्या खिडक्या करणाऱ्याकडे मिळतं. खिडक्यावाला म्हणाला, मशीन घेऊन येतो, गॅलरीत कापू. आणि सेक्रेटरी म्हणाले, "धातू कापायला अर्ज लागतो."

"पण मी आवाज कमी करण्यासाठीच कापतोय."

"म्हणजे आवाज कमी करण्यासाठी आवाज करण्याची परवानगी. तसं लिहा." त्यांनी फॉर्म दिला. त्यात 'आवाजाचे स्वरूप' आणि 'आवाज केव्हा संपेल' असे दोन रकाने होते. दुसऱ्यात मी 'लवकरच' लिहिलं. त्यांनी तो परत केला. 'लवकरच' ही वेळ नव्हे म्हणाले. मी 'दुपारी चार' लिहिलं. सभेची मंजुरी यायला नऊ दिवस लागले आणि कापायला चार मिनिटं.

नवीन पंखा ताटलीएवढा होता. बसवला, बटण दाबलं आणि काहीच झालं नाही असं वाटलं. आत वाकून बघितलं तर तो फिरत होता. शांतपणे, डोळे मिटून प्रदक्षिणा घालावी तसा.

मी जिंकलो होतो. बायकोला फोन करून सांगितलं, ती "बरं झालं" म्हणाली. मग मी खुर्चीत बसलो आणि ती शांतता ऐकू लागलो.

ती मला आवडली नाही. एवढ्या वर्षांत मी आमचं घर कधी ऐकलंच नव्हतं. फ्रीज मधूनच दचकायचा. नळाचा थेंब पडायच्या आधी पाइपात काहीतरी सरकायचं. दुपारचं ऊन फरशीवर पडलेलं, रस्त्यावर कोणी नाही, आणि खोलीत कोणाचा तरी श्वास चाललेला. तो माझाच आहे हे कळायला मला थोडा वेळ लागला. माझ्या नाकाची एक बाजू वाजते. बायकोने हे कधीच सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पहिल्यांदा ते झालं. मी बेडकाच्या पचनसंस्थेचं पान बघत होतो. 'बेडूक' मधला डू मी ऱ्हस्व टाइप केला, लक्षात आलं, खोडला. आणि भिंतीतून आवाज आला.

ठक.

एकदाच. कोरडा. माझं टेबल भिंतीला चिकटून आहे, म्हणजे तो आवाज माझ्या पडद्याच्या मागून, कॅलेंडरच्या खालून, बरोबर त्या चेहऱ्याच्या जागेवरून आला. मी थांबलो. काही नाही. पुन्हा लिहायला लागलो. चार ओळींनंतर 'जठर' मधला ठ सुटला, तो खोडला.

ठक.

मी शिकलेला माणूस आहे. शास्त्राची पुस्तकं तपासतो. तेव्हा मी प्रयोग केला. सावकाश, एकेक अक्षर बघून दहा मिनिटं बिनचूक टाइप केलं. भिंत गप्प. मग मुद्दाम 'आतडे' चं 'अतडे' केलं आणि खोडलं. ठक. चुकलं नाही तर नाही, चुकलं की एकदा. माझ्या मागे कोणीतरी उभं राहून चुका मोजत होतं. पंचवीस वर्षं लोकांच्या चुका काढून पोट भरणाऱ्या माणसाच्या नशिबी हे यावं, याला काय म्हणायचं.

लोक म्हणतात असल्या गोष्टी रात्री बाराला होतात. मला त्या लोकांचा हेवा वाटतो. रात्री बाराला माणूस पांघरूण ओढून घेऊ शकतो. दुपारी अडीचला, भरल्या उन्हात, समोर बेडकाचं जठर असताना काय ओढून घेणार?

संध्याकाळी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "जुनी भिंत आहे, वाजत असेल." मी म्हटलं, भिंतीला ऱ्हस्वदीर्घ कसं कळतं? त्यावर ती ताटं घ्यायला आत गेली. त्या दिवशी ती तशीही कमीच बोलत होती.

बॉयलरसाहेबांनी स्क्रूड्रायव्हर भिंतीला लावून ऐकलं. "उष्णतेने प्रसरण," ते म्हणाले. मी त्यांच्यासमोर एक चूक करून खोडली. ठक झालं. त्यांनी स्क्रूड्रायव्हर काढून खिशात घातला आणि म्हणाले, "हे आमच्या खात्यातलं नाही."

त्यानंतर खुर्ची. माझी खुर्ची चाकाची आहे, दांडी ओढली की वरखाली होते. मी उंच असल्यामुळे ती सर्वांत वर ठेवतो. एके दिवशी छापखान्यातून येऊन बसलो तो धपकन खाली गेलो. आधार जिथे असायला हवा तिथे नव्हता. खुर्ची चार बोटं खाली होती. वाटलं, दांडी सैल झाली. वर केली. दुसऱ्या दिवशी आलो तर पुन्हा चार बोटं खाली. तिसऱ्या दिवशी मी जाण्याआधी दांडीला दोरा बांधला. परत आलो तेव्हा दोरा सुटलेला होता आणि त्याची नीट घडी करून तो टेबलावर ठेवलेला होता.

तुटलेला असता तर मी घाबरलो नसतो. घडीने घाबरलो.

आणि मग मालकांचा फोन आला. आवाज गंभीर होता. "बेडकाच्या पानाखाली हे काय लिहिलंय?"

"काय लिहिलंय?"

"'आपली विश्वासू'."

मी फाइल उघडली. 'अशा रीतीने बेडकाच्या अन्नाचे पूर्ण पचन होते' या वाक्याखाली एक ओळ सोडून, स्वच्छ, बिनचूक, स्वल्पविरामासकट लिहिलेलं होतं: आपली विश्वासू,

खाली नाव नव्हतं.

मी मालकांना सांगितलं, नजरचूक झाली. ते म्हणाले, "तुमच्या चुका मी समजू शकतो, पण बाईच्या नावाने?" मी फोन ठेवला आणि शब्दाकडे बघत बसलो. आपली. म्हणजे बाई होती. बाई आहे, मला ठेवून घ्या म्हणतेय, की मला काही सांगतेय, की फक्त बेडकाच्या पचनाला तिचा पाठिंबा आहे, काही कळायला मार्ग नव्हता. 'विश्वासू' मधला दीर्घ ऊकार बरोबर होता हे त्यातही माझ्या लक्षात आलं. धंद्याची सवय.

त्या संध्याकाळी जेवताना मी हे बायकोला सांगितलं. तिच्या हातातला चमचा ताटात पडला. तो उचलून तिने ताटाच्या कडेला ठेवला. मग म्हणाली, "तो जुना पंखाच परत बसवा ना. तो होता तेच बरं होतं."

"घाबरू नकोस," मी म्हटलं. "मी आहे." नवऱ्याने असं म्हणायचं असतं. त्या वेळी घरात सर्वांत घाबरलेला माणूस मी होतो.

जिन्यात सूरताई भेटल्या, त्यांनाही सांगितलं. वाटलं होतं त्या हसतील किंवा अंगारा देतील. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "काय हवंय तिला, ते विचारलंत का कधी?"

"भुताला?"

"कोणाला का असेना," त्या म्हणाल्या आणि वर निघून गेल्या.

मी सेक्रेटरींकडे गेलो. भिंतीतून आवाज येतो अशी तक्रार लिहून दिली. त्यांनी नकाशा काढला. "ही भिंत सामाईक आहे. पलीकडे दुसरी विंग. त्यांची कमिटी वेगळी, फाटक वेगळं, रस्ताही वेगळा. भिंत सामाईक असली तरी आवाज सामाईक धरता येत नाही. तिकडच्या सेक्रेटरींना अर्ज करा, प्रत मला." एकोणीस वर्षं त्या घरात राहून भिंतीला दुसरी बाजू असते हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

अर्ज न करता मी तसाच गेलो. भिंतीची जाडी नऊ इंच, चालत जायला सात मिनिटं. दुसरी विंग आमच्यासारखीच होती, पण सगळं उलटं. जिना डावीकडे वळायचा तिथे उजवीकडे. तिसऱ्या मजल्यावर आमच्या दारासारखंच दार, तसाच रंग, कडी मात्र दुसऱ्या बाजूला. बेल दाबायला मी उजवा हात पुढे केला आणि तो भिंतीवर आपटला. आरशात जाऊन कोणाचं तरी दार वाजवावं असं वाटत होतं. आतून मीच दार उघडीन की काय, असं एक क्षणभर वाटलं, आणि मी काय म्हणेन त्याची मला भीती वाटली.

दार एका बाईने उघडलं. मी आवाजाचं विचारलं. ती ओशाळली. "मावशीच आहे ती. किती वेळा सांगितलं तिला. या ना."

आतल्या खोलीत, माझं टेबल आहे त्याच भिंतीला पलंग लावलेला होता. त्यावर एक वृद्ध बाई उशीला टेकून बसल्या होत्या. पायांनी जमत नाही, दोन वर्षं झाली पलंगावरच आहे, असं भाचीने सांगितलं. बाईंच्या हातात लाकडी फूटपट्टी होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं, खरं तर माझ्या हातांकडे.

"दोन बोटंवाले तुम्हीच का?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

"मी टायपिंगचा क्लास चालवायची. चाळीस वर्षं. पोरं चुकली की टेबलावर पट्टी. आधी तुमच्याकडून नुसतीच घरघर यायची. आता कळा ऐकू येतात. चूक ऐकली की हात आपोआप जातो. राग मानू नका."

"पण चूक ऐकू कशी येते?"

"खोडायची कळ माणूस रागाने दाबतो. वेगळी वाजते."

मला एवढं हायसं वाटलं की मी न सांगता स्टुलावर बसलो. भूत नव्हतं. अपमान होता, पण अपमानाची मला सवय आहे. भाचीने पाणी दिलं. मी म्हटलं, हाताला वळण लावायचा मी प्रयत्न करीन.

"तुमचं वय गेलं," बाई म्हणाल्या. "सकाळचा हात मात्र चांगला आहे."

"कोणाचा?"

"ते मी कसं सांगू? सकाळी सव्वादहा ते अकरा. दहाही बोटं चालतात. तसे हात मी सगळे मिळून दोन-तीनच बघितले. मी पट्टी बाजूला ठेवून ऐकते."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला. "सव्वादहाला आमच्या घरी कोणी नसतं."

"असतं," बाई म्हणाल्या. "दोन-तीन आठवडे झाले. रोज एकच पत्र लिहितं. ताल तोच असतो, म्हणून कळतं. सुरुवात झरझर होते, मग काही ओळी, मग थांबतं. खूप वेळ थांबतं. मग पुन्हा पहिल्यापासून." त्यांनी पट्टी पांघरुणावर ठेवली. "थांबतं ना, तेव्हा मला इथे कसंतरी होतं."

भाची हातातलं फडकं पिळायची थांबली होती.

घरी जाताना माझ्या मनात जे आलं ते सांगायला लाज वाटते. भीती होतीच. पण तिच्याआधी वाटलं की माझ्याच कॉम्प्युटरवर माझ्यापेक्षा चांगलं टाइप करणारं कोणीतरी आहे, आणि ते जिवंतही नसावं.

बायकोला मी काही बोललो नाही. आधीच ती नीट जेवत नव्हती. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा डबा भरला, साडेनऊला ती गेली. दहाला मी बाहेर पडलो, दार ओढून घेतलं, लॅच लागल्याचा आवाज ऐकला आणि कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याकडे जाऊन उभा राहिलो. वीस मिनिटांनी परत आलो. एकट्याने वर जायचा धीर होईना, म्हणून बॉयलरसाहेबांना घेतलं. ते स्क्रूड्रायव्हर घेऊन आले. आमच्या दाराला टोक लावून, मूठ कानाला लावून त्यांनी डोळे मिटले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. तो हळूहळू पांढरा झाला.

"टायपिंग," ते पुटपुटले. "आणि पंखा तर वाजतच नाही."

"पंखा दुरुस्त झालाय."

"झालाय खरा," ते म्हणाले. "माझं दूध गॅसवर आहे." आणि त्यांच्या वयाला शोभणार नाही इतक्या चपळाईने ते खाली गेले.

मी दाराला कान लावला. आतून आवाज येत होता. सरसर, न अडखळता, बाई म्हणाल्या तसा. वाळलेल्या पानांवरून काहीतरी पळत जावं तसा. मग थांबला. मी वाट बघितली. किती वेळ ते माहीत नाही. जिन्यात ऊन आलं होतं, वर कुठेतरी मुली सूर लावत होत्या, तो लागत नव्हता. मग पुन्हा आवाज सुरू झाला, पहिल्यापासून.

किल्ली माझ्या हातात होती. पण किल्लीने दार उघडायचा मला अधिकार आहे असं त्या वेळी वाटेना. आत जे होतं ते त्याच्या कामात होतं. मी एकोणीस वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं, आमच्याच दाराची बेल वाजवली.

आवाज तुटल्यासारखा थांबला. खुर्चीचं चाक फिरलं. पावलं दारापर्यंत आली आणि तिथे उभी राहिली. दाराच्या दोन बाजूंना आम्ही दोघं श्वास रोखून उभे होतो. मग लॅच फिरलं.

दारात माझी बायको होती. ऑफिसची साडी, खांद्याला पर्स, आताच कुठून तरी आल्यासारखी किंवा निघाल्यासारखी.

"बेल का वाजवलीत?" ती म्हणाली.

"किल्ली सापडेना."

"हातात आहे तुमच्या."

मी आत गेलो. पडद्यावर एक पत्र अर्धवट होतं. 'माननीय व्यवस्थापक यांस'. मी उभ्या उभ्या पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि पुढे वाचवेना.

"कधीपासून?"

"बावीस दिवस झाले. आमचा विभागच बंद केला. सगळ्यांना एकाच दिवशी पत्रं दिली."

"आणि तू रोज जातेस कुठे?"

"तुम्ही निघेपर्यंत गच्चीच्या जिन्यात बसते. लॅचचा आवाज आला की खाली येते. अकराला पुन्हा बाहेर. एकदा घाईत पत्राचा शेवट तुमच्या बेडकाच्या फाइलीतच राहून गेला. मग वाचनालयात, साडेपाचपर्यंत."

"जेवतेस कुठे?"

"वाचनालयामागे बाक आहे. डबा असतो की." तिने पर्सचा पट्टा सारखा केला. "सूरताईंना माहीत आहे. जिन्यात रोज बाई बसलेली दिसल्यावर विचारणारच ना त्या."

मला सूरताईंचा चेहरा आठवला. "मला का नाही सांगितलंस?"

तिने विचार केला. भांडायच्या तयारीने नव्हे. खरं उत्तर शोधत होती. "सांगणार होते पहिल्याच दिवशी. घरी आले तर तुम्ही भिंतीतल्या आवाजाचं सांगायला लागलात. दुसऱ्या दिवशी बॉयलरसाहेब. मग खुर्ची. त्याआधीचा महिना पंख्याचा होता. तुम्ही बोलायचे थांबाल तेव्हा सांगू म्हटलं."

यावर मुद्रिततपासनीसाला काही दुरुस्ती सुचवता आली नाही.

मी स्वयंपाकघरातून स्टूल आणून टेबलाशेजारी ठेवलं. तिला खुर्चीत बसायला सांगितलं, खुर्ची तिच्याच मापाची होती. "वाच," मी म्हटलं. "नाही, थांब, मीच वाचतो." आणि मी तिचं पत्र वाचायला घेतलं, छापखान्याचं वाचतो तसं, एकेक शब्द. सव्वीस वर्षांच्या अनुभवाचा तपशील होता. ती विम्याच्या ऑफिसात आहे हे मी लोकांना सांगायचो, पण तिथे ती नक्की काय करते हे मी विचारलंच नव्हतं. पत्रात लिहिलं होतं: मृत्यूच्या दाव्यांची छाननी.

"म्हणजे काय करायचं?"

"माणूस खरंच गेला आहे का ते बघायचं," ती म्हणाली. "दाखले, सह्या, तारखा. आणि मग घरच्यांना पत्र टाइप करायचं. त्या पत्रात चूक झालेली चालत नाही. एकदा गेलेल्या माणसाचं नाव चुकलं तर घरच्यांना ते फार लागतं. मी नाव तीनदा वाचायची."

"भीती नाही वाटायची?"

"कशाची? मेलेल्यांची कागदपत्रं पूर्ण असतात. जिवंत लोकांचीच कधी नसायची." मग तिने एका माणसाची गोष्ट सांगितली. तो स्वतःच्या दाव्याची चौकशी करायला स्वतः ऑफिसात आला होता, आणि ती त्याला बसायला खुर्ची देऊन त्याचाच मृत्यूचा दाखला दाखवत होती. तो म्हणाला, सही माझ्या भावाची आहे. आणि रडायला लागला. तिने त्याला तिच्या डब्यातलं दिलं. म्हणजे मी भरलेलं.

मी विचारत गेलो, ती सांगत गेली. छापखान्यातून दोनदा फोन आला, मी उचलला नाही. डबा आम्ही तिथेच टेबलावर उघडला. तो थंड होता, तिला सवय होती, मला नव्हती. कोणकोण लोक सांगितले तिने, कोणाची कोणती सही, कोणतं गाव, कोणत्या बाईने पत्र मिळाल्यावर तिला उलट पत्र लिहिलं. एवढी सगळी माणसं रोज संध्याकाळी तिच्याबरोबर आमच्या घरात येत होती आणि मला कोणाचीही चाहूल लागली नव्हती.

ऊन भिंतीवरून सरकत वर गेलं. पावणेसहा वाजले तेव्हा ती बोलता बोलता उठली. खांद्यावरची पर्स, जी सकाळपासून तिथेच होती, तिने काढली, खुंटीला अडकवली, पदराने मान पुसली आणि म्हणाली,

"आले मी."